मोगलाई, मांडणी आणि डांगचे राजे

प्रस्तावना

'येथे काय मोगलाई लागली आहे?' असे आपण केव्हा म्हणतो? जेथे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, बळी तो कान पिळी असा कारभार चालला आहे, तेथे. मराठीच्या बोलण्यात 'मोगलाई' हा शब्द निंदेचाच आहे. परंतु नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीचा घाट उतरून गेले की एक असा मुलूख लागतो, जेथील वडीलधारी माणसे हाच शब्द मोकळ्या दिवसांची आठवण काढताना वापरीत आली आहेत. रानात कोणाची आडकाठी नव्हती, हवे तेथे पेरावे, हवी तेथे शिकार करावी, तो काळ म्हणजे मोगलाई! आणि ती संपून जे आले त्याला तेथे म्हणतात 'मांडिनी'. आपल्या 'मांडणी' या शब्दाचेच हे भावंड.

शब्द तेच, पण अर्थ उलटा. असे का झाले असावे? हा मुलूख म्हणजे डांग. तेथे भिल्ल राजांची लहान लहान राज्ये होती, आणि त्या राजांचे वंशज आजही दर वर्षी होळीच्या सुमारास सरकारकडून मानाने तनखा घेतात. प्रस्तुत पाठात आपण या राज्यांची आणि तेथील लोकांची ओळख करून घेणार आहोत.

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला डांगमधील जमाती व त्यांचे परस्परसंबंध सांगता येतील, 'राज्य' या कल्पनेचे दोन निरनिराळे अर्थ समजावून देता येतील, आणि एकच शब्द दोन समाजांत वेगळा अर्थ का धारण करतो हे उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.

मुलूख आणि माणसे

डांग हा आज गुजरात राज्यातील एक लहान जिल्हा आहे. क्षेत्रफळ सुमारे १,७६० चौरस किलोमीटर. मुख्य ठिकाण आहवा. पूर्वेला व दक्षिणेला नाशिक जिल्हा, उत्तरेच्या बाजूला धुळे आणि नंदुरबार. सह्याद्रीच्या टोकाकडील डोंगर, त्यांतून वाहणाऱ्या पूर्णा, अंबिका, खापरी, गिरा या नद्या, आणि सर्वत्र साग व बांबू. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या २,२८,२९१ होती, आणि तीत सुमारे ९५ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. देशात इतके मोठे प्रमाण असलेले जिल्हे थोडेच आहेत.

या लोकांत कोकणा, भिल्ल आणि वारली या जमाती मोठ्या. त्यांखेरीज गामीत, बांबूची कामे करणारे कोटवाळिया आणि कात पाडणारे काथोडी हेही आहेत. कोकणा लोक आपले मूळ कोकणात सांगतात, आणि दुर्गादेवीच्या दुष्काळात पूर्वज वर आले अशी कथा त्यांच्यात ऐकू येते. ते शेतीत वाकबगार. गावचा पाटील पुष्कळदा कोकणा असे. भिल्लांचा ओढा शिकार, मध, मोहाची फुले, मासे आणि थोडी शेती यांकडे; आणि राजे मात्र भिल्लांचे. राज्य एका जमातीचे आणि नांगर दुसऱ्या जमातीचा, अशी ही घडण होती.

शेतीची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. झाडांच्या फांद्या छाटून, वाळवून, जागच्या जागी जाळावयाच्या, आणि त्या राखेत पाऊस पडताच नागली, वरई पेरावयाची. दोनतीन वर्षांनी जमिनीचा कस उतरला की ती तशीच सोडून दुसरी जागा धरावयाची. मागची जमीन पुन्हा रानाखाली जाई. कोकणातील व ठाण्याकडील वाचकांना 'राब' हा शब्द माहीत असेल. त्याच्याशी या पद्धतीचे नाते आहे. अशा शेतीत माणूस एका गटनंबराला बांधलेला नसतो. गाव हलते, शेत हलते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढील सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

देवही रानातलेच. डुंगरदेव, धान्याची कणसरी माता, आणि वाघदेव. वाघदेवाचा लाकडी खांब शिवेवर उभा असतो. त्यावर वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. दुध्या भोपळ्याची आणि बांबूची केलेली पावरी वाजू लागली की स्त्रीपुरुष कमरेला हात घालून फेर धरतात. आणि काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करून, तिच्यावरून बोटे ओढीत, तिच्या घुमणाऱ्या नादावर रात्रभर कथा सांगितली जाते. ही थाळकथा नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, कळवण, पेठ या भागांतील वाचकांनी ऐकली असेल. राज्यांच्या सीमा तिला ठाऊक नाहीत.

पाठगत प्रश्न १

(अ) डांगमध्ये राजे कोणत्या जमातीचे होते आणि शेतीत पुढे कोणती जमात होती?
(आ) फिरती शेती करणाऱ्या माणसाला 'माझी जमीन' या शब्दांचा कोणता अर्थ वाटत असेल? चारपाच ओळींत लिहा.

राजा एक की अनेक?

इंग्रजांनी डांगचे जे दप्तर तयार केले त्यात पाच राजे आणि नऊ नाईक नोंदले आहेत. गाढवी, लिंगा, दहेर (आमाला), पिंपरी आणि वासुर्णा ही राजांची पाच ठिकाणे. या घराण्यांची आडनावे आज पवार आणि सूर्यवंशी अशी आढळतात. मराठी अमदानीचा तो ठसा असावा, असे मानण्यास जागा आहे.

पाच आणि नऊ हे आकडे सुटसुटीत आहेत. प्रत्यक्षातील व्यवस्था मात्र एवढी सुटसुटीत नव्हती. राजाचे काका, भाऊ, पुतणे, चुलतभाऊ या सर्वांचा राज्यात वाटा असे. यांना म्हणत भाऊबंद. एखाद्या खोऱ्यातील काही गावांचा वसूल एकाकडे, दुसऱ्या काही गावांचा दुसऱ्याकडे. आणि मुख्य राजा तो ज्याला हे सारे मान देतात. मान देणे थांबले की राजेपण ढिले झाले. आपल्याकडे 'भाऊबंदकी' म्हटले की बांधावरून चाललेली भांडणे आणि कोर्टाच्या पायऱ्या आठवतात. डांगमध्येही तंटे होतच, आणि ते काही वेळा रक्तपातापर्यंत जात. पण तेथे भाऊबंद हा राज्याला लागलेला रोग नव्हता. राज्य चालत असे ते भाऊबंदांमुळेच, हा फरक आहे.

कोकणा शेतकऱ्याने नांगरामागे ठरलेला वसूल द्यावा, आणि राजाने त्याला अभय द्यावे, असा व्यवहार असे. राजा फारच जाचक झाला तर? शेतकरी गाडगीमडकी उचलून शेजारच्या राजाच्या रानात जाई. रान पुष्कळ आणि माणसे थोडी, अशी स्थिती असल्यामुळे राजाला माणसे सांभाळून ठेवावी लागत. आपण राज्याचे मोजमाप चौरस किलोमीटरमध्ये करतो. त्या काळचा डांगी राजा ते किती घरे आपली म्हणवतात यावर करीत असावा. जमिनीपेक्षा माणसांवरचे राज्य, असे त्याचे वर्णन करता येईल. या एका मुद्द्याकडे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे. आपल्याला राज्य म्हटले की नकाशावरचा रंगीत तुकडाच डोळ्यांसमोर येतो.

गिरास

डोंगराखालच्या सपाटीवर गायकवाडांचा अंमल होता. डांगच्या उत्तरेला असलेले सोनगड हे तर त्यांच्या घराण्याचे आरंभीचे ठाणे. पूर्वेकडे खानदेश आणि बागलाण. या सुपीक गावांकडून भिल्ल राजे 'गिरास' नावाचा हक्क घेत. पिकाचा किंवा वसुलाचा तो एक लहानसा भाग. तो वेळेवर मिळाला नाही तर राजा आणि त्याचे भाऊबंद खाली उतरून गावावर धाड घालीत, गुरे हाकून नेत.

ही लूट होती काय? ज्याची गुरे गेली त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती लूटच होती, आणि त्याचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. मात्र राजाच्या दृष्टीने गिरास हा त्या गावावरील आपल्या सत्तेचा वाटा होता, आणि धाड ही त्या वाट्याची आठवण. गायकवाडांचे कारभारी आणि हे राजे यांच्यात हा लपंडाव पिढ्यान्‌पिढ्या चालला. एकाच गावावर दोघांचा हक्क असू शकतो, एकाचा मोठा आणि एकाचा लहान, हे तेव्हा कोणालाही चमत्कारिक वाटत नसे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांना मात्र हे चमत्कारिक वाटले. एका जमिनीला एकच मालक आणि एका मुलखाला एकच सरकार, हा त्यांचा हिशेब. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली, आणि १८३० मध्ये तीच घेऊन तो डांगात उतरला. त्या वेळी गाढवीचा राजा सिलपत हा सर्वांत प्रबळ मानला जाई. त्या मोहिमेनंतर धाडी कमी झाल्या, आणि गिरासाची रक्कम इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातून मिळू लागली. गावाने राजाला द्यावयाचे ते आता सरकार देऊ लागले. वरवर पाहता राजाची सोयच झाली. परंतु देणारा बदलला की घेणाराही बदलतो.

सागाचा करार

मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली जात होती. त्यांना साग हवा होता. मलबारचा साग दूर आणि तोही विरळ होत चाललेला. डांगचा साग मात्र सुरतेच्या किनाऱ्यापासून फार लांब नव्हता. तेव्हा १८४२ मध्ये इंग्रज सरकारने डांगच्या राजांशी व नाईकांशी करार केले. सरकारने जंगलातील लाकूड तोडावे आणि त्याबद्दल राजांना दर वर्षी ठरावीक रक्कम द्यावी. १८६२ मध्ये या करारांचे नूतनीकरण झाले.

करार म्हटला की सही करणारा माणूस लागतो. पण ज्या राज्यात वाटा वीस जणांचा आहे तेथे सही कोणाची घ्यावयाची? इंग्रजांनी आपल्या सोयीने काही जणांना राजा, काही जणांना नाईक ठरविले, आणि बाकीचे भाऊबंद त्यांच्या पोटात घातले. अशा रीतीने वर सांगितलेले पाच आणि नऊ हे आकडे पक्के झाले. जे सैल होते, मानण्यावर अवलंबून होते, त्याला कागदावर कायमचा आकार मिळाला. आजवर राजेपणासाठी भाऊबंदांची मान्यता लागे. आता साहेबाच्या वहीतील नाव पुरे होऊ लागले.

आणि कराराचा अर्थ? राज्याचा कारभार मुख्यतः तोंडी चाले. सरकार दर वर्षी पैसे देते, त्या अर्थी ते आपले गिरास मान्य करते, आणि आपण त्याला काही झाडे तोडू देतो, असे राजांनी समजणे स्वाभाविक होते. सरकारने जे समजून घेतले ते वेगळे होते. ते म्हणत होते, जंगल आम्ही भाडेपट्ट्याने घेतले. आता त्यात कोणी काय करावे हे आम्ही ठरवू. एकाच कागदाचे हे दोन अर्थ पुढे पन्नास वर्षे एकमेकांना धडकत राहिले.

वाचकांपैकी अनेकांनी कधी ना कधी घरभाड्याचा, कर्जाचा किंवा जमिनीचा कागद समोर धरून 'यात नेमके काय लिहिले आहे?' असे कोणाला तरी विचारले असेल. डांगच्या राजांची अडचण त्याच जातीची होती. तिचे मोल मात्र एका जिल्ह्याएवढे होते.

मांडिनी

१८७९ पासून जंगलाच्या हद्दी आखण्याचे काम सुरू झाले आणि १८८९ पर्यंत डांगच्या रानाची राखीव आणि संरक्षित अशी विभागणी झाली. राखीव भागात पेरणी नाही, राब नाही, कुऱ्हाड नाही, शिकार नाही. गावे तेथून हलविली गेली. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या मर्जीने जागा बदलीत होते त्यांना आता एकतर एका जागी बसावे लागले, नाहीतर साहेबाच्या मर्जीने उठावे लागले. हद्दीचे दगड मांडले गेले. मोजणीच्या साखळ्या मांडल्या गेल्या. हीच मांडिनी.

आता आरंभीचा प्रश्न सुटू लागेल. आपल्या मराठीत 'मांडणी' हा नेटका शब्द आहे. घरात भांड्यांची मांडणी, निबंधात मुद्द्यांची मांडणी. पसरलेले होते ते जागच्या जागी लागले याचे समाधान त्यात आहे. परंतु दुसऱ्याने येऊन आपल्याच घराची मांडणी केली, आपल्याला न विचारता, आणि मग म्हटले की या फळीला हात लावायचा नाही, तर? डांगी माणसाच्या तोंडी या शब्दात तो सल आहे. आणि मोगलाई ही त्याच्या आधीची. दिल्लीच्या मोगलांचा तेथे प्रत्यक्ष संबंध थोडाच. 'साहेब येण्यापूर्वीचे दिवस' एवढाच त्याचा अर्थ.

इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगमध्ये राहून तेथील लोकांच्या तोंडून या आठवणी ऐकल्या आणि १९९९ मध्ये त्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पूर्वजांच्या या आठवणींना तेथे 'वडिलचा गोठ' म्हणतात. 'गोठ' म्हणजे आपली 'गोष्ट'. मोगलाई आणि मांडिनी हे त्या गोठींतले दोन मोठे काळ. आपण ख्रिस्तपूर्व आणि ख्रिस्तोत्तर म्हणतो, तसे ते इतिहासाचे दोन भाग पाडतात. अर्थात मोगलाईत सारे सुखीच होते असे समजू नये. दुष्काळ होते, रोग होते, भाऊबंदांची झुंज होती, आणि खालच्या गावांना धाडींची धास्ती होती. माणसाची आठवण जे हरवले त्यालाच अधिक घट्ट धरून ठेवते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात भिल्लांनी जंगलखात्याच्या निर्बंधांविरुद्ध एकाहून अधिक वेळा उठाव केले. ते मोडून काढले गेले. त्याच सुमारास गायकवाड सरकारने बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंद रूळांची रेल्वे आणली, आणि डांगचा साग डब्यांत भरून किनाऱ्याकडे निघाला.

पाठगत प्रश्न २

(अ) १८४२ च्या कराराचा राजांनी लावलेला अर्थ आणि सरकारने लावलेला अर्थ यांतील फरक सांगा.
(आ) 'परंतु देणारा बदलला की घेणाराही बदलतो' या विधानाचे स्पष्टीकरण करा.

दूर देशीचे एक उदाहरण

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. मध्य आफ्रिकेच्या दक्षिण अंगाला, आजच्या झांबिया देशाच्या पश्चिमेस, झांबेझी नदीच्या विस्तीर्ण पूरमैदानात लोझी लोकांचे राज्य होते. त्यांच्या राजाला 'लितुंगा' म्हणतात. त्याच्या छत्राखाली लोझींखेरीज इतर अनेक जमाती नांदत. १८९० मध्ये लेवानिका नावाच्या लितुंगाने एका इंग्रज कंपनीच्या प्रतिनिधीबरोबर करार केला. आपण प्रत्यक्ष इंग्लंडच्या राणीशी मैत्री जोडीत आहोत, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात त्याने खाणींचे हक्क एका व्यापारी कंपनीला दिले होते, वर्षाला २,००० पौंडांच्या बोलीवर. हे ध्यानात आल्यावर त्याने तक्रारी केल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र होताना लितुंगाचे काही अधिकार एका कराराने मान्य झाले होते. १९६९ मध्ये तो करार नव्या सरकारने रद्द केला.

लितुंगाचे पद मात्र टिकून आहे. पावसाळ्याच्या अखेरीस मैदानात पुराचे पाणी चढू लागले की तो प्रचंड नावेत बसून, वल्हेकऱ्यांच्या ताफ्यासह, उंचावरील राजवाड्याकडे जातो. या सोहळ्याचे नाव 'कुओम्बोका', म्हणजे पाण्यातून बाहेर येणे. तो पाहण्यास देशोदेशीचे लोक जमतात. सत्ता गेली आणि सोहळा राहिला, या बाबतीत डांग आणि झांबेझी यांचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

डांग दरबार

डांगचा सोहळा आहव्यास भरतो. पूर्वी गिरासाची व भाडेपट्ट्याची रक्कम वाटण्यासाठी इंग्रज अधिकारी राजांना एकत्र बोलावीत. पैशांबरोबर मानाचे वस्त्र, म्हणजे शिरपाव देत. तीच प्रथा पुढे डांग दरबार म्हणून रूढ झाली. आज होळीपूर्वीच्या दिवसांत आहव्यात तीनचार दिवस जत्रा भरते. पाचही राजे सजविलेल्या बग्ग्यांतून मिरवत येतात, पुढे पावरी आणि ढोल. बहुधा राज्यपालांच्या हस्ते त्यांचा सत्कार होतो आणि तनख्याची रक्कम दिली जाते. नाईकांना आणि अनेक भाऊबंदांनाही त्यांचा लहान वाटा मिळतो. म्हणजे साहेबाने पोटात घातलेले भाऊबंद यादीतून पुरते पुसले गेले नाहीत!

येथे चाणाक्ष वाचक एक शंका काढील. १९७१ मध्ये घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने देशातील सर्व संस्थानिकांचे तनखे बंद झाले. जव्हारच्या मुकण्यांपासून ग्वाल्हेरच्या शिंद्यांपर्यंत कोणाचेही संस्थानी पद उरले नाही. मग डांगच्या राजांनाच पैसे कसे मिळतात? याचे उत्तर १८४२ च्या त्या करारात आहे. संस्थान विलीन केल्याबद्दल मिळणाऱ्या तनख्यात ही रक्कम मोडत नव्हती. तिचे मूळ जंगलाच्या मोबदल्यात होते. रक्कम फार मोठी नाही. राजांपैकी काहींची राहणी त्यांच्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळी ओळखू येणार नाही इतकी साधी आहे. बातमीदार दर वर्षी 'गरीब राजे' म्हणून त्यांची छायाचित्रे छापतात. त्यात कौतुकापेक्षा गंमत पाहण्याची वृत्ती अधिक असते, आणि ती आम्हांस रुचत नाही. ज्याच्या रानातून दीडशे वर्षे साग गेला त्याला मिळणाऱ्या पैशाला भाडे म्हणावे की बक्षीस, हा प्रश्न त्या छायाचित्रांखाली कोणी छापत नाही.

डांगी कोणाची?

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये डांग मुंबई राज्यात आला. भाषावार प्रांतरचनेची चर्चा सुरू होताच वाद निर्माण झाला की डांगी बोली मराठीची की गुजरातीची? दोन्ही बाजूंनी शब्दांच्या याद्या पुढे आल्या. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा-सर्वेक्षणात डांगीला खानदेशीच्या शेजारी बसविले होते, आणि खानदेशी स्वतःच मराठी व गुजराती यांच्या उंबऱ्यावर उभी. 'गोठ', 'वडिल', 'भाऊबंद' हे शब्द ऐकून मराठी माणसाला आपलेपणा वाटतो यात नवल नाही. पण गुजराती माणसालाही त्याच बोलीत आपले रूप दिसत होतेच. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला.

तेव्हापासून तेथील शाळांतून मुले प्रामुख्याने गुजरातीतून शिकतात. सुरगाण्यातील त्यांची मामेभावंडे मराठीतून शिकतात. दोन्हींकडे घरी बोलतात ती डांगी किंवा कोकणी, जी कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. वादाच्या वेळी त्या बोलीवर हक्क सांगण्यास दोन बलाढ्य भाषा धावून आल्या. तिच्यातून मुलाला पहिली अक्षरे शिकविण्याच्या वेळी मात्र ती उत्सुकता दिसली नाही. (मुंबईतील असो की गाझियाबादमधील, आपल्या वाचकांपैकी ज्यांची घरची बोली आणि शाळेची भाषा वेगळी होती, त्यांना याचा अनुभव असेलच.)

नवा कायदा, जुनी गोठ

२००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहून कसणाऱ्या आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करणे हा त्याचा हेतू त्याच्या प्रास्ताविकातच सांगितलेला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली, चार हेक्टरांपर्यंतची जमीन त्या कुटुंबाच्या नावे होऊ शकते. त्याशिवाय गौण वनोपज, चराई, तळी, जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन यांवर सबंध गावाचा सामूहिक हक्क मान्य होऊ शकतो. या दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व आम्हांस अधिक वाटते. एका झाडावर पुष्कळांचा वाटा असू शकतो, ही डांगची जुनी समजूत तिच्यात ओळखू येते.

दावा कोणापुढे करावयाचा? ग्रामसभेपुढे. राजाकडे नव्हे, नाईकाकडे नव्हे, आरंभी वनखात्याकडेही नव्हे. १८४२ मध्ये सही पाच-चौदा जणांची घेतली गेली. या कायद्याने गावातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला बैठकीत बसविले. तरी काम सोपे नाही. अर्ज भरावे लागतात, नकाशा जोडावा लागतो, नामंजुरीचा कागद आला तर मुदतीत अपील करावे लागते. ज्याला ते वाचता येत नाही तो पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

दाव्याला पुरावा काय लागतो? जुनी सरकारी कागदपत्रे, दंडाच्या पावत्या, जुन्या घरांच्या वा विहिरींच्या खुणा, स्मशाने, देवस्थाने. नियमांत आणखी एक पुरावा मान्य केलेला आहे. गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकत. दावेदाराखेरीज दुसऱ्या वृद्धाने सांगावे की या खोऱ्यात अमक्याचा आजा नागली पेरीत असे, वाघदेव तेथे उभा होता, मांडिनी आली तेव्हा गाव येथून उठले. आणि ते कोणी शुद्ध, सुवाच्य अक्षरांत उतरवून त्यावर त्याचा अंगठा किंवा सही घ्यावी.

शब्दार्थ

आडकाठी – अडथळा, मनाई
अमदानी – राजवट, कारकीर्द
गिरास – दुसऱ्याच्या अंमलाखालील गावाकडून घेतला जाणारा परंपरागत हक्काचा वाटा
शिरपाव – मानाचे वस्त्र
तनखा – सरकारकडून मिळणारी ठरावीक रक्कम
दप्तर – कचेरीतील कागदपत्रांचा संग्रह
गौण वनोपज – मध, मोह, डिंक, बांबू, तेंदूची पाने यांसारखे जंगलातील उत्पन्न
कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसणे – पूर्ण गोंधळ असणे

स्वाध्याय

१. 'जमिनीपेक्षा माणसांवरचे राज्य' या वर्णनाची सत्यता पाठातील तीन तपशील देऊन पटवून द्या.
२. डांगच्या राजांचे तनखे १९७१ नंतरही का चालू राहिले?
३. डांग आणि लोझी राज्य यांतील साम्य आणि भेद दहा ओळींत लिहा.
४. 'मांडणी', 'गोठ' व 'भाऊबंद' या शब्दांचे प्रमाण मराठीतील आणि डांगमधील अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या घरच्या बोलीतील असा एखादा शब्द शोधा, ज्याचा अर्थ पुस्तकी मराठीत वेगळा आहे. तो वेगळा का झाला असेल याचा अंदाज लिहा.
६. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून गावची जुनी शीव, पाणवठा किंवा देवस्थान यांविषयी माहिती ऐका. ती त्यांच्याच शब्दांत एका पानावर उतरवा, त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या करून खाली तारीख घाला.